विणेवरची चकती

हसनाबादला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला नाव, गाव, पगार, लग्न यांतलं काहीच विचारलं नाही. माझी लोखंडी पेटी ओसरीवर टेकवल्याटेकवल्या ते खाली बसले, पेटीला कान लावला, बोटाच्या पेरानं दोनतीनदा वाजवली आणि म्हणाले, "कपडे कमी अन् पुस्तकं जास्त हायेत. चांगला मानूस दिसतो. राहा." भाड्याचं वगैरे काकूंनी आतून येऊन ठरवलं. पेटीत एकही पुस्तक नव्हतं. आईनं दिलेले लाडू होते आणि एक इस्त्री होती. पण पहिल्याच दिवशी घरमालकाला खोटं कसं पाडायचं, म्हणून मी गप्प बसलो. पुढे कळलं की काकांचं निदान कायम असंच असतं. आवाज खणखणीत आणि मजकूर साफ चुकीचा.

मी तेव्हा तिथल्या हायस्कुलात नवीनच लागलो होतो. काका नुकतेच रिटायर झाले होते. सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून झालेली. डॉक्टर फिरतीवर असले की स्टेथोस्कोप काकांच्या गळ्यात यायचा आणि म्हशीच्या पोटाला तो लावून ते डोळे मिटून उभे राहायचे. म्हैस कंटाळून शेण टाकायची तरी यांची समाधी उतरायची नाही. रिटायर झाल्यावर म्हशी सुटल्या, पण कानाची सवय सुटली नाही. जालन्याहून स्वतःच्या पैशानं एक स्टेथोस्कोप आणला आणि तो भिंतीला, पाण्याच्या टाकीला, दारातल्या कडुलिंबाला लावत फिरू लागले. "लिंबाचं पोट साफ हाय," असं मला एका सकाळी दात घासताना सांगितलं. मी तोंडातल्या फेसासकट मान हलवली.

त्यातून चकतीपर्यंतचा प्रवास निरोप समारंभाच्या कार्डामुळे झाला. दवाखान्यातल्या सहकाऱ्यांनी त्यांना एक गाणारं कार्ड दिलं होतं. उघडलं की पिपाणीसारखी धून वाजायची. पण ते काही दिवसांतच बिघडलं आणि मिटलं तरी वाजू लागलं. काकूंनी ते गाद्यांच्या थप्पीखाली दाबलं, तिथूनही वाजलं. शेवटी काकांनी फाडलं, तर आतून रुपयाएवढी पितळी चकती निघाली, एका अंगाला पांढरा लेप दिलेली. चाळा म्हणून त्यांनी तिच्या तारा जुन्या टेपरेकॉर्डरच्या मशीनला उलट्या बाजूनं, म्हणजे माइकच्या जागी, जोडल्या आणि चकतीवर नख मारलं. स्पीकरमध्ये केवढा तरी धमाका झाला. वाजणारी चकती ऐकायलाही लागते, हे काकांना त्या क्षणी कळलं आणि आमच्या घरातली शांतता त्या क्षणी संपली.

ती चकती ज्याला चिकटवाल त्याच्या अंगातलं ऐकते. हवेतलं तिला ऐकू येत नाही. तुम्ही तिच्यासमोर उभं राहून बोंब मारली तरी ढिम्म. पण टेबलाला चिकटवा, मग टेबलावरून मुंगी गेली तरी ती सांगणार. काकांना याचं फार कौतुक. "हवेतला आवाज उष्टा असतो, सर," ते म्हणायचे. "धा ठिकानी तोंड लावून आलेला असतो तो. अंगातला आवाज ताजा." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की वर्गात एकदा पोरांना सांगून बसलो. पोरं वहीत लिहून घेत होती, मला थांबवावं लागलं.

चकत्या बनवायचं काम देवघरात चालायचं, कारण घरातला एकच प्लग धड होता आणि तो देवांच्या शेजारी होता. कथील वितळल्याचा धूर, त्यात उदबत्ती. तारा जोडून झाल्या की चकतीला ओल लागू नये, तारा एकमेकींना शिवू नयेत, म्हणून वर नेलपॉलिशचा हात द्यायचा. ते नेलपॉलिश आणायला काका स्वतः बांगड्यांच्या दुकानात जात. साठीचा माणूस, डोक्यावर टोपी, आणि दर आठवड्याला लाल नेलपॉलिशची बाटली. गावात कुजबुज सुरू झाली. आधी बायकांनी काकूंच्या बोटांकडे पाहिलं. काकूंची नखं कोरी. मग कुजबुज जास्तच वाढली. एका हळदीकुंकवाला कुणीतरी आडून विचारलंच, तेव्हा काकू म्हणाल्या, "घरात समद्याला लावून झालं बाई. दाराला झालं, टाकीला झालं, लिंबाला झालं. एकटी मीच बिनारंगाची राह्यले."

दुसरं वेड कॉइलचं. फुटक्या स्पीकरातलं लोहचुंबक घ्यायचं आणि त्याच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळायची. अशी कॉइल विजेच्या तारेजवळ, फ्रिजजवळ, मोबाईलजवळ धरली की आत वाहणाऱ्या करंटचा आवाज ऐकू येतो. घूं, किर्र, टिकटिक, जसा ज्याचा स्वभाव. हे वेढे देण्यासाठी काकांनी काकूंचं शिलाई मशीन धरलं. बॉबिन भरायची जी चकरी असते तिच्यावर तार भरायची, पायानं मशीन हाकायचं आणि तोंडानं वेढे मोजायचे. काकू नेमक्या मधेच हाक मारायच्या, "अवं, दळण आणायचंय." आकडा चुकायचा. काका तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून. मला दाट संशय आहे की काकूंना दळण कधीच आणायचं नसे. एकदा त्या ब्लाउज शिवायला बसल्या तर बॉबिनमध्ये दोऱ्याऐवजी तांबं. "आता काय अंगात करंट सोडून शिवू का?" असं म्हणून त्यांनी बॉबिन अंगणात भिरकावलं आणि काका ते झेलायला धावले, तेही हेडफोनसकट. वायर पुरली नाही, टेपरेकॉर्डरच टेबलावरून खाली आला.

या कॉइलनं गावात एकदा चांगलीच धांदल उडवून दिली. काका बांबूच्या टोकाला कॉइल बांधून, कानाला हेडफोन लावून, संध्याकाळी गल्लीतून फिरू लागले. प्रत्येक खांबापाशी थांबायचे, बांबू वर करायचे, डोळे मिटून मान डोलवायचे. आमच्या गल्लीत निम्म्या घरांची लाइट आकड्यावर चालायची, म्हणजे खांबावरच्या तारेला परस्पर वायर अडकवून. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी एकही आकडा तारेवर दिसेना आणि दिवेलागणीला गल्लीत मिट्ट काळोख. तिसऱ्या दिवशी चार कर्ते पुरुष वांग्यांची पिशवी घेऊन आमच्या ओसरीवर आले.

"काका, आपलं इतक्या वर्षांचं हाय," त्यातला एक म्हणाला. "आमच्या घराकून जरा येऊ नका."

काकांना वाटलं, मंडळींना छंदात गोडी निर्माण झाली. ते हरखून आत गेले आणि मोबाईल घेऊन आले. "थांबा, तुमच्याच दारचा खांब ऐकवतो. लई भारी आला. बराबर सात वाजता भरला हा."

घूंऽऽ. चौघांची तोंडं पांढरी पडली. वांगी तिथंच टाकून ते गेले. काकूंनी त्या रात्री भरलं वांगं केलं आणि काकांना म्हणाल्या, "ह्याला म्हनत्यात कला. चूल पेटली आज तुमच्या कलेवर."

असं ते घर बोलतं होतं. काका काहीतरी उद्योग करणार, काकू त्यावर टोला मारणार, काका "तुला न्हाई कळायचं" म्हणणार, आणि काकू "मला न्हाई कळत म्हनूनच घर चालून राह्यलं" म्हणणार. गव्हाच्या पिंपात चकती सोडून काका किड्यांचं खाणं ऐकत बसले आणि रेकॉर्डिंग पुरं होईपर्यंत गहू उन्हात घालू देईनात, तेव्हासुद्धा काकू चार दिवस तोंडानं भांडल्या. किड्यांनी गहू संपवला. काका मला मोबाईलवर अकरा मिनिटांचा फ्रिज पाठवायचे, खाली लिहायचे, 'उन्हाळी'. मी 'छान' लिहायचो. एकदा त्यांनी चुकून तार न जोडताच भरलेली नुसती शांतता पाठवली आणि मी तिलाही 'छान' लिहिलं. दोन दिवस माझ्याशी तिरके वागत होते. "तुम्ही ऐकत न्हाई सर, नुसतं छान लिहिता." बोलणं खरं होतं.

मग घड्याळाची गोष्ट झाली.

काकूंच्या भाच्याचं अंबडला लग्न होतं. सख्ख्या भावाचा मुलगा, एकुलता. त्यांच्या घरी हळदीचं पहिलं बोट आत्यानं लावायची रीत आणि काकू एकट्याच आत्या. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. साडी, आहेर, भाच्याला काय म्हणायचं, नाव कसं घ्यायचं. नवरदेवाच्या मावशीशी काकूंचं जुनं वाकडं होतं, त्यामुळे मावशीच्या समोर ते पहिलं बोट लावायचं यात आणखी एक आनंद होता आणि काकू तो लपवत नव्हत्या. हळद सकाळी लवकर. काका घर राखायला मागं राहणार होते आणि काकू पहाटेच्या पहिल्या बसनं निघणार होत्या. त्यांनी उशाशी गजराचं घड्याळ लावून ठेवलं. मोबाईल काकांच्या ताब्यात असायचा आणि त्यात कायम कशाचं तरी रेकॉर्डिंग चालू असायचं, त्यामुळे त्याचा भरवसा नव्हता.

गजराच्या घड्याळातही तसलीच पितळी चकती असते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. काकांना होतं. त्यांनी ती आठवड्यापूर्वीच काढून कडुलिंबाला लावली होती आणि घड्याळ पुन्हा नीट स्क्रू लावून जागेवर ठेवलं होतं. काटे फिरत होते, वेळ बरोबर होती. पहाटे गजर झाला असेल तो घड्याळाच्या पोटातल्या पोटात. काकूंना जाग आली ती दूधवाल्याच्या हाकेनं, लख्ख उजेडात. काका शेजारीच झोपले होते, कानात हेडफोन. लिंब ऐकता ऐकता डोळा लागला होता.

काकू जालना गाठून, बस बदलून अंबडला पोचल्या तेव्हा पंगती बसल्या होत्या. पहिलं बोट मावशीनं लावलं होतं.

त्या परत आल्या, पाय धुतले, आत गेल्या आणि मला हाक मारली. काका तिथंच पाटावर बसलेले. काकू त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सर, ह्यांना म्हनावं जेवून घ्या."

एवढंच. भांडण नाही, रडणं नाही. त्या दिवसापासून काकूंनी काकांशी बोलणं टाकलं.

पहिले काही दिवस मला गंमत वाटली. मग मी कामाला लागलो. "सर, ह्यांना सांगा चहा निवून राह्यला." काका हातभर अंतरावर. "सर, तिला म्हना साखर कमी हाय." "सर, म्हनावं जास्त खाल्ली तर आजून कमी ऐकू येईन." मी शाळेत जायचो तेव्हा निरोप साठून राहायचे आणि संध्याकाळी चप्पल काढायच्या आत दोन्हीकडून सुटायचे. सुट्टीत गावी निघालो तर काकांनी माझी पिशवी धरली. "तुम्ही गेल्यावर मला जेवायला कोन बोलवीन?" मी म्हटलं, काका, तुम्हीच एकदा त्यांना चुकलं म्हणा, मिटून जाईल. ते म्हणाले, "म्हननारच हाय. पर ती समोर थांबन तर म्हनीन ना." खरी गोष्ट अशी की ते म्हणणार नव्हते. जन्मात त्यांनी कुणाला चुकलं म्हटलं नव्हतं, म्हशीचं निदान चुकलं तरी म्हशीचाच दोष काढायचे.

पण ते वाळत चालले होते, हे मला दिसत होतं. एका दुपारी शाळेतून आलो तर शिलाई मशीनपाशी बसलेले, हातात भरलेली कॉइल. पुरी झालेली. पहिल्यांदाच एका बैठकीत पुरी झालेली. मला वाटलं आनंदात असतील.

"कुनी टोकलंच न्हाई, सर," ते म्हणाले. "सुरू केली अन् सरळ संपलीच." कॉइल त्यांनी बाजूला ठेवून दिली. तिच्यातून काहीच ऐकलं नाही. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली आणि काकूंचा रागही आला. मग आत काकूंना एकटीनं भाकरी थापताना पाहिलं आणि कुणाचाच राग आला नाही.

महिने गेले. उन्हाळ्यात गावचा सप्ताह आला. मारुतीच्या मंडपात सात दिवस अखंड हरिनाम. त्या सात दिवसांत वीणा खाली ठेवायची नसते. कुणी ना कुणी ती छातीशी धरून, 'रामकृष्णहरी' म्हणत उभं राहायचं, आणि दर दोन तासांनी पहारा बदलायचा. संध्याकाळपासून सकाळपर्यंतचे पहारे पुरुषांचे, दुपारचे बायकांचे. आता भजन-कीर्तनाला माईक असतात, पखवाजाला माईक असतो, पण ज्या विणेभोवती हे सगळं चालतं तिचा आवाज शेजारच्या टाळकऱ्यालासुद्धा ऐकू जात नाही. काकांनी सप्ताह कमिटीच्या अध्यक्षांना जाऊन सांगितलं, मी विणेला चकती लावतो, गावाला वीणा ऐकवतो, खर्च काही नाही. अध्यक्षांच्या घरावर पूर्वी आकडा होता, त्यामुळे ते आधी बिचकले. पण फुकट म्हटल्यावर हो म्हणाले.

काकांनी विणेच्या दांडीला मागून मेणानं चकती बसवली, वर भगवं कापड गुंडाळलं, बारीक तार मंडपवाल्याच्या मशीनला नेली. पहिल्या सकाळी झाडांवरच्या भोंग्यांतून वीणा आली. मी खोटं सांगत नाही, गल्लीत माणसं जागच्या जागी थांबली. जुन्या तारांचा तो घुमारा, एवढा मोठा, एवढा जवळ. काकू चुलीपाशी होत्या. "सर, हे काय वाजून राह्यलं?" मी म्हटलं, वीणा, काकांनी लावली. त्या तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तशाच उभ्या होत्या.

घोटाळा संध्याकाळपासून सुरू झाला. वीणा छातीशी धरतात, आणि चकती ज्याला चिकटेल त्याच्या अंगातलं ऐकते, हे काकांखेरीज कुणाला माहीत नव्हतं आणि काकांच्या डोक्यात आलं नव्हतं. किराणा दुकानदार पहाऱ्याला उभा राहिला आणि भोंग्यातून गडगडाट झाला. लोकांनी वाळवणं उचलली. आभाळ कोरडं. ते त्याचं पोट होतं. त्याच्या मागून रिटायर हेडमास्तर आले, गावातले सगळ्यात कडक गृहस्थ. दोन रामकृष्णहरींच्या मधे ते दबक्या आवाजात एक चांगलीच तिखट लावणी गुणगुणत होते, आणि चाल अगदी पक्की होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खुद्द अध्यक्ष उभे राहिले आणि पंगतीकडे बघत पुटपुटले, "आले फुकटे. घरी चुली इझल्या काय ह्यांच्या." सगळ्या गावानं ऐकलं, पंगतीनंही ऐकलं.

अध्यक्षांनी पहारा संपताच माईक ओढला आणि जाहीर केलं, "विणेची चकती काढन्यात आली हाय. पुन्हा लागनार न्हाई. बिलकुल न्हाई." चकती निघाली. पण भोंगे नुसते टाळ ऐकवू लागले तेव्हा गावाला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. म्हातारी माणसं विचारायला आली. मग दुपारच्या जेवणानंतर पुरुष मंडळी पारावर बसली आणि ठरलं की चकती परत लावायची, फक्त पहारेकऱ्यानं देवाच्या नावापलीकडे ओठ हलवायचे नाहीत. पहाऱ्याच्या प्रत्येक पुरुषाला निरोप गेला. काकांनी हौसेनं लगेच चकती बसवली आणि घरी येऊन आडवे झाले. बायकांना सांगायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. बायकांना सांगायचं आमच्या गावात सहसा कुणाच्याच डोक्यात येत नाही.

लगेचचा पहारा काकूंचा होता.

मी ओसरीवर पेपर तपासत होतो. काका खाटेवर होते. समोरच्या लिंबावर भोंगा. आधी बराच वेळ वीणा आणि काकूंचं रामकृष्णहरी, घशातून आल्यासारखं पण शब्दन् शब्द कळेल असं. मंडपात तिथं पंखे घरघरत असणार, भोंग्यांची तोंडं गावाकडे, त्यामुळे काकूंना पत्ता नव्हता. मग रामकृष्णहरी थांबलं.

"देवा, पाय दुखून राह्यले," भोंगा म्हणाला. "पर तुला काय सांगायचं, तू तं कवाचा उभा हायेस."

काका उठून बसले.

"एक इचारू का? तुझी रखमाई रुसली तवा तू काय केलं? आमचा मानूस काय बी करत न्हाई. घड्याळाचा राग संक्रांतीलाच गेल्ता रे माझा. सांगू कुनाला? मला वाटलं, येईन अन् म्हनन, चुकलं. एक डाव. मंग मी बी बोलले असते. न्हाई आला. आता इतके दिवस झाले, मीच कशी सुरू करू? मला बी लाज हाय. त्या पोरगेल्या मास्तराला मधे घेऊन बोलायचं, त्याचं बी लग्नाचं वय, त्याला संसाराची भीतीच बसली असन."

मी पेपर खाली ठेवले. गल्लीत दारं उघडत होती. कुणी उठून मंडपात सांगायला जाईना.

"समद्याचं ऐकतो. लिंबाचं ऐकतो, खांबाचं ऐकतो, किड्यांचं ऐकलं, गहू गेला. अन् माझ्यासाठी कान न्हाई त्याला. मी काय लिंबाहून गेलेली हाय का? मला लाव म्हनावं एकदा ती चकती. मंग कळन आत काय चालून राह्यलं ते." मग हळू आवाजात, "जेवन बी धड करत न्हाई हल्ली. मला दिसत न्हाई का? रामकृष्णहरी."

काकांनी पायात चप्पल घातली नाही. बनियनवर धावत सुटले. मी मागं. गल्लीतली माणसं बाजूला होत होती आणि मागोमाग येत होती. तिकडून अध्यक्षही मशीन बंद करायला निघालेले, पण ते जाडजूड, दुपारच्या जेवणानंतरचे.

आता काका मंडपात पोचले खरे, पण वीणा हातात असलेल्या माणसाला हलता येत नाही. वीणा खाली ठेवता येत नाही. बोलायचं तर ती आधी कुणीतरी घेतली पाहिजे. आणि वीणा घ्यायची रीत अशी की घेणाऱ्यानं आधी विणेकऱ्याच्या पाया पडायचं, मग देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या. लहानमोठं, बाईमाणूस काही बघायचं नाही. बापानं पोराकडून घेतली तरी बाप वाकतो.

काका काकूंच्या समोर उभे राहिले. धापा टाकत होते. मंडपाच्या तोंडाशी सगळा गाव. त्यांनी एकदा मागं बघितलं, एकदा विणेकडे, आणि खाली वाकून दोन्ही हातांनी काकूंचे पाय धरले. रीतीला नुसता स्पर्श पुरतो. त्यांनी धरूनच ठेवले.

"अवं, काय करून राह्यले हे! उठा आधी!" काकू ओरडल्या, आणि वीणा अजून त्यांच्याच छातीशी होती, त्यामुळे ते हसनाबादच्या शेवटच्या घरापर्यंत पोचलं. त्यांचा स्वतःचा आवाज तिकडून, लांबून, परत आला. काकूंनी वर भोंग्यांकडे पाहिलं, विणेवरच्या कापडाकडे पाहिलं, कापडाखालून निघालेल्या तारेकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं, आता ही बाई जन्मात बोलत नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी काकांच्या हातात वीणा दिली, रीतीप्रमाणे वाकून त्यांच्या पाया पडल्या, पदर खोचला आणि समोर सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

आणि बोलू लागल्या.

चकतीला हवेतलं ऐकू येत नाही. म्हणून काकू काय बोलल्या ते भोंग्यावर आलं नाही. मी मंडपात शिरलो नाही, कुणीच शिरलं नाही. अध्यक्ष मशीनपाशी पोचले, बटणाला हात घातला, तर त्यांच्या बायकोनं तो हात धरून बाजूला केला. गाव उन्हात उभा होता आणि भोंग्यांतून फक्त वीणा येत होती, तिच्यात मधूनमधून काकांचा आवाज.

"हौ."

मग बराच वेळ नुसती वीणा.

"हौ. बराबर हाय."

"हौ, ते बी मीच."

"न्हाई, तसं न्हाई... बरं, हौ, तसंच."

खाली, तारांच्या घुमाऱ्याच्या आत, कुणाचं तरी काळीज धडधडत होतं. ते काकांचं, पळून आल्यामुळे असेल.

"चुकलं," भोंगा म्हणाला. एवढ्या हळू की शेजारच्या बाईनं मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगायच्या आत पुन्हा आलं. "चुकलं म्हनलं ना. हौ, समद्या गावासमोर म्हनलं. आजून एकदा? चुकलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं, कुणीतरी डोळे पुसले, दोघीही बायकाच होत्या. वीणा वाजत राहिली. सप्ताहात नामाचा खंड पडू द्यायचा नसतो आणि तो पडून बराच वेळ झाला होता. ते बहुतेक काकांच्याही लक्षात आलं असावं.

"मंग आता मी रामकृष्णहरी म्हनू का?" त्यांनी विचारलं.

पुन्हा नुसती वीणा.

"बरं, बरं. बोल तू. मी ऐकून राह्यलो."